सोमवारची रात्र

टाइमकीपरला मित्र नसतात. अल ऐनच्या एका नर्सरीत मी नऊ वर्षं ती नोकरी केली. नर्सरी म्हणजे रोपवाटिका, बालवाडी नव्हे, हे मला दर सुटीत संगमेश्वरला कुणा ना कुणाला समजावून सांगावं लागे. पहाटे फाटकाशेजारच्या पत्र्याच्या केबिनमध्ये बसायचं, येईल त्याच्या नावापुढे ‘पी’ लिहायचं, न येईल त्याच्यापुढे ‘ए’, आणि उशिरा येणाऱ्यापुढे लाल पेनानं मिनिटं. लाल पेनवाल्याशी कोण गप्पा मारणार? दिवस मोजण्यात आपला हात कुणी धरणार नाही असा माझा लौकिक होता. तो मी स्वतःच पसरवलेला होता. त्या लौकिकाची पार माती झाली ती पोनीमान नावाच्या माणसापायी, आणि इतक्या वर्षांनी मी लिहायला बसलोय तेही त्यांच्याचसाठी.

पोनीमान जावाचे, म्हणजे इंडोनेशियातल्या जावा बेटावरचे. पंचाण्णव साली एजंटामार्फत आले. वय पंचेचाळिशीचं, बांधा बुटका आणि काटक, आवाज इतका हळू की ऐकायला माणसाला पुढे वाकावं लागे. पहिल्या दिवशी मी नाव विचारलं तर म्हणाले, “पाक पोनीमान.” पाण्याच्या टँकरचा ड्रायव्हर गुलखान शेजारी उभा होता. तो पेशावरकडचा. त्याला आनंदाचं भरतं आलं. “पाक? पाकिस्तान में किधर?” पोनीमान मान लववून म्हणाले, “इंग्गी.” गुलखाननं दोन दिवस मजुरांच्या सगळ्या कॅम्पला सांगितलं की नवा माणूस आपल्याकडचा आहे, चेहऱ्यावरून गिलगिटचा असावा, जरा बुजरा आहे. तिसऱ्या दिवशी उलगडा झाला की ‘पाक’ म्हणजे त्यांच्याकडे बाबा, वडीलधारा. आणि ‘इंग्गी’ म्हणजे हो. पण हे हो कुठल्या जातीचं असतं, ते कळायला मला बराच काळ लागला.

त्याचा पहिला धडा आमच्या इंजिनियरना मिळाला. ते सुदानी, स्वभावानं भले, पण हुकूम सोडायची हौस. जून महिन्यात त्यांनी फर्मावलं की पेटुनियाची सगळी रोपं जाळीखालून काढून उन्हात मांडा, कणखर होतील. पोनीमान म्हणाले, “इंग्गी.” दुपारी इंजिनियर बघतात तो रोपं जागच्या जागी. पुन्हा हुकूम, पुन्हा “इंग्गी”, पुन्हा रोपं तिथंच. तिसऱ्यांदा इंजिनियर ओरडले, “यस म्हणतोस आणि करत नाहीस?” पोनीमान दोन्ही हात पोटाशी धरून उभे राहिले. नंतर मला म्हणाले, “मैं बोला, सुना. करेगा, ऐसा नहीं बोला.” म्हणजे ते हो कामाला नसून माणसाला होतं. समोरच्याचा मान राखायचा. कामाचं काय ते मग बघू. त्यांच्या गावात मोठ्या माणसाला तोंडावर नाही म्हणणं म्हणजे अंगणात थुंकण्यासारखं. रोपं वाचली, आणि पुढे इंजिनियरही त्यांना विचारल्याशिवाय कुंडी हलवीनासे झाले.

त्यांच्या बाकी तऱ्हाही अशाच होत्या. रोपांच्या शेडमध्ये शिरताना चपला बाहेर काढत. काही दाखवायचं तर बोट कधी रोखत नसत. मूठ मिटून अंगठ्यानं दाखवत. बसलेल्या माणसापुढून जायचं तर कमरेत वाकून, एक हात जमिनीकडे करून जात. कॅम्पमधली पोरं खो खो हसत आणि मुद्दाम वाटेत बसत. पोनीमान प्रत्येकापुढे वाकून जात. सिगारेट ओढायचे तर आधी ग्रोसरीतून आणलेली लवंग कुटून तिच्यात भरत. झुरका घेतला की ती तडतडे आणि माझ्या केबिनला मसालेभाताचा वास येई. मला ते ‘पाक टाइम’ म्हणत. आडनाव त्यांनी कधी विचारलं नाही.

त्यांच्या गावाचं नाव कालीसारी. काली म्हणजे नदी. सुंबिंग नावाच्या डोंगराच्या उतारावर, तेमांगुंग नावाच्या भागात हे गाव आहे. नकाशात मी शोधलं, सापडलं नाही. पण आज मला कुणी तिथं नेऊन सोडलं तर मी बांधाबांधानं चालत त्यांच्या दारात जाईन. मी कोकणातला, भाताच्या खाचरांतच वाढलेला, त्यामुळे ते सांगत ते मला दिसे. डोंगर वरपासून खालपर्यंत खाचरांनी कापलेला. वरच्याचं पाणी खालच्याला, खालच्याचं त्याच्या खालच्याला. पाण्याच्या पाळ्या ठरवायला गावाचा एक माणूस नेमलेला. त्याला म्हणतात उलू-उलू. पोनीमानचे वडील उलू-उलू होते. अंधारात नुसतं पाण्याचा आवाज ऐकून कुणी पाट फोडलाय ते त्यांना कळे, आणि सकाळी त्या चोराच्या घरी जाऊन ते चोरीबद्दल चकार शब्द न काढता चहा पिऊन येत. चोर दुसऱ्या दिवशी बांध घाली. भात निघालं की तंबाखू. मग साऱ्या गावात घरापुढे सुपं मांडलेली, तंबाखू वाळत घातलेली, आणि महिनाभर कपड्यांना, दुधाला, लहान मुलांच्या केसांना तोच वास. सकाळी धुकं इतकं की शेजारणीचा आवाज येतो, शेजारीण दिसत नाही. हे सगळं ते मला अठ्ठेचाळीस डिग्रीत, घामाच्या धारा पुसत सांगायचे.

एकदा त्यांनी अर्धा कापलेला तेलाचा ड्रम मिळवला, त्यात चिखल केला आणि उशीत शिवून आणलेलं मूठभर भात पेरलं. शेडच्या मागं, एसीच्या पाइपाचं पाणी ठिबकतं तिथं ड्रम ठेवला. चार महिन्यांनी, माघाच्या सुमारास, लोंब्या झुकल्या. मला राहवेना. घरापासून दोन हजार किलोमीटरवर भात तयार झालंय म्हटल्यावर कोकणी माणसाचा हात शिवशिवणारच. मी स्टोअरमधून विळा आणला आणि ड्रमपाशी बसलो. पोनीमानांनी माझा हात धरला. पहिल्यांदाच, आणि जोरात.

“नहीं, पाक टाइम. वो डर जाएगी.”

“कोण?”

“देवी स्री.”

म्हणजे आपली श्री. त्यांच्याकडे भातात ती राहते. नमाज न चुकवणारा हा माणूस, पण भातातल्या देवीवर त्याची श्रद्धा होतीच, आणि त्यात त्याला काही अवघड वाटत नव्हतं. मग त्यांनी खिशातून एक चपटी लाकडाची पट्टी काढली. तिच्यात दाढीच्या ब्लेडचा तुकडा बसवलेला. ती तळहातात अशी लपवली की पातं दिसू नये. मग एक लोंबी दोन बोटांत धरायची, हळूच आत ओढायची, कट्. मग दुसरी. पेंढी नाही, वार नाही. देवीला पातं दिसता कामा नये. ड्रमभर भात कापायला आख्खी दुपार गेली. मी सुरुवातीला हसलो, मग कंटाळलो, आणि मग त्यांच्याकडून पट्टी मागून घेतली.

त्याच वर्षी जकार्त्याच्या एजंटचा फॅक्स आला. ऑफिसात इंग्रजी वाचून सांगायचं काम माझंच. ‘इन्फॉर्म पोनीमान, वाइफ एक्स्पायर्ड ट्यूसडे नाइट.’ बायकोचं नाव लास्त्री. मूलबाळ नव्हतं. शेडमध्ये जाऊन मी कसंबसं सांगितलं. त्यांनी हातातली झारी खाली ठेवली, उरलेली ओळ पाण्याविना राहिली म्हणून पुन्हा उचलली, ती ओळ संपवली आणि मग खाली बसले. दफन झालंही होतं. तिकडे त्याच दिवशी करतात. पहिलं वर्ष पुरं झालं नव्हतं, रजा बसत नव्हती. मी इंजिनियरकडे शब्द टाकायला निघालो तर म्हणाले, “अभी जाके क्या. हजार दिन पे जाएगा.”

ते हजार दिवसांचं प्रकरण असं. माणूस गेल्यावर तिसऱ्या, सातव्या, चाळिसाव्या, शंभराव्या दिवशी, आणि मग वर्षावर्षानं, गावजेवण घालतात. शेवटचं हजाराव्या दिवशी. तोवर गेलेलं माणूस पुरतं गेलेलं नसतं. घराच्या, घरच्यांच्या आसपास असतं. हजाराव्या दिवशी घरातला मोठा माणूस सगळ्यांदेखत त्याला निरोप देतो, थडग्यावर दगड बसवतात, आणि मग ते जातं. दोन वर्षांनी पोनीमानांची रजा लागली. सगळा कॅम्प रजेला जातो तेव्हा बॅगा भरून नाचत जातो. त्यांनी फॉर्म परत केला. ती रजा त्यांनी हजाराव्या दिवसासाठी राखून ठेवली आणि आणखी नऊ महिने वाळूत काढले.

या काळात मला एक शोध लागला. रोपांना पाणी घालताना ते पुटपुटत असत. मला वाटायचं, जप असेल. एकदा मी ट्रेच्या मागेच उभा होतो. त्यात ‘पाक टाइम’ ऐकू आलं. मी विचारलं, माझ्याबद्दल काय चाललंय?

ते ओशाळले. “लास्त्री को बताता है. वो इधर कभी आई नहीं ना. कौन गुलखान, कौन इंजिनियर, उसको क्या मालूम? तुम्हारा भी बताया. लाल पेन है, आदमी अच्छा है.”

माझी बायको जिवंत होती, संगमेश्वरात होती, आणि मी तिला पंधरा दिवसांनी एक पत्र लिहायचो ज्यात ‘इकडील सर्व क्षेम’ याखेरीज काही नसे. त्या दिवशी मी पहिल्यांदा तिला चार पानं लिहिली. तिनं उलट टपाली विचारलं, तब्येत बरी आहे ना?

दिवस जवळ आला तेव्हा हजारावा नेमका कधी, हे काढायची जबाबदारी मी आपण होऊन घेतली. पोनीमानांची कालगणना और होती. त्यांच्याकडे सात दिवसांच्या आठवड्याला जोडून बाजाराचा पाच दिवसांचा आठवडाही चालतो: लेगी, पाहिंग, पोन, वागे, क्लिवोन. ते पोनच्या दिवशी जन्मले म्हणून पोनीमान. पासपोर्टवर जन्मतारीख एक जानेवारी, ती एजंटनं दिलेली. खरा वाढदिवस दोन्ही आठवडे जुळले की, म्हणजे दर पस्तीस दिवसांनी यायचा, आणि त्या दिवशी ते उपास करायचे. लास्त्रीही पोनच्याच दिवशी गेली, बुधवारी रात्री, असं त्यांनी सांगितलं.

“मंगळवारी रात्री,” मी दुरुस्ती केली. “फॅक्स माझ्याकडे आहे. ट्यूसडे नाइट.”

“इंग्गी,” पोनीमान म्हणाले.

मी तीन वर्षांचे हजेरीपट काढले, कॅलेंडरं मांडली. मंगळवारी रात्री गेली, तेव्हा पहिला दिवस बुधवार धरला आणि पेन्सिलनं मोजत सुटलो. तासभर लागला. हजारावा दिवस सोमवार. पोनीमानांनी बोटांच्या पेरांवर मोजलं: बुधवारपासून सहावा वार, पोनपासून पाचवा बाजार. मिनिटही लागलं नाही. “सोमवार, पाहिंग.” जुळलं! मला इतका आनंद झाला की मी खुर्चीवरून उठून त्यांचा हात हातात घेतला. कोकणातला टाइमकीपर आणि जावातला माळी, दोन वाटांनी निघाले आणि एकाच सोमवारी पोचले. पुढे आठ दिवस मी हे भेटेल त्याला ऐकवत होतो. गुलखान तर मला टाळायला लागला.

“प्रोग्राम कब?” मी विचारलं होतं.

“सोमवार रात.”

मग सोपंच होतं. ट्रॅव्हल एजंट फोनवर म्हणाला, जकार्त्याला बुधवारचं विमान आहे आणि शनिवारचं आहे, दोन्हींत जागा आहेत, कुठलं देऊ? मी शनिवारचं घेतलं. रविवारी दुपारी जकार्ता, तिथून रात्रभर बस, सोमवारी सकाळी दारात. आंघोळ, थोडी झोप, संध्याकाळी विधी. शिवाय इंजिनियरचेही दोन-चार कामाचे दिवस वाचले. अकरा दिवस आधी तिकीट आलं, ते मी त्यांच्या हाती दिलं आणि वार, तारीख, वेळ वाचून दाखवली. त्यांनी तिकीट कपाळाला लावलं. म्हणाले, “इंग्गी.”

शनिवारी दुपारी गुलखाननं आम्हाला पिकअपमधून टॅक्सी स्टँडवर सोडलं आणि तो टँकरकडे परत गेला. अबू धाबीची शेअर टॅक्सी भरायची होती. आम्ही बाकावर बसलो. मी खुशीत होतो.

“सोमवार सुबह घर,” मी म्हटलं. “आराम करना. फिर रात को प्रोग्राम.”

“रात को नहीं, पाक टाइम. तब तक तो खलास.”

“खलास कसं? सोमवार रात ना?”

त्यांनी मूठ मिटून अंगठा वर केला आणि डोंगराकडे कललेला सूर्य दाखवला. “अभी ये जाएगा, इतवार आएगा. कल ये जाएगा, सोमवार आएगा. कल रात, सोमवार रात.”

मला समजायला एक क्षण लागला. त्यांचा दिवस मावळतीला सुरू होतो. सोमवारची रात्र म्हणजे आपण जिला रविवारची रात्र म्हणतो ती. मंगळवारी दिवस मावळल्यावर लास्त्री गेली, म्हणून ती त्यांच्या लेखी बुधवारी रात्री गेली, आणि मी मोठ्या ऐटीत दुरुस्ती केली होती! बरं, गुलखान आणि सगळा कॅम्प गुरुवारला जुमेरात म्हणतात. जुम्याची रात. दर गुरुवारी हा शब्द माझ्या कानावरून जात होता, आणि शुक्रवारची रात गुरुवारी कशी, हे माझ्या टाळक्यात शिरलं नव्हतं. हजार दिवस अचूक मोजले आणि शेवटच्या दिवसाची सुरुवात कुठे होते ते विचारलं नाही. उद्या दिवस मावळताना कालीसारीत माणसं जेवायला बसतील, आणि पोनीमान बसच्या खिडकीशी असतील.

“तुमको कब मालूम हुआ?”

“टिकट आया, उस दिन.”

अकरा दिवस. बुधवारच्या विमानात जागा होत्या. त्यांनी एक शब्द टाकला असता तर मी त्याच फोनवर तिकीट बदललं असतं. माझा आवाज चढला. “बोला क्यों नहीं? मला वाईट वाटेल म्हणून? मी खूश होतो म्हणून? हजार दिवस थांबलात, रजा सोडलीत, आणि माझा मान राखायला ही शेवटची भेट घालवलीत?” रागाच्या भरात मी मराठीतच बोलत होतो. त्यांना शब्द कळले नसतील, बाकी सगळं कळलं.

ते जमिनीकडे बघत राहिले. टॅक्सीवाला एका माणसासाठी ओरडत होता.

“टाइम पे पहुँचेगा, तो मेरे को बोलना पड़ेगा,” ते म्हणाले. “घर में बड़ा मैं है. सब आदमी सुनेगा, मैं बोलेगा, लास्त्री, अभी तुम जाओ.” त्यांनी खिशातलं तिकीट चाचपलं. “लेट पहुँचेगा, तो भाई बोलेगा.”

मी टॅक्सीवाल्याला हातानं थांबायची खूण केली.

“बहुत ट्राय किया, पाक टाइम. पानी देते टाइम, रोज. मुँह से नहीं आता.”

“यल्ला, अबू धाबी, एक नफर!” टॅक्सीवाल्यानं हॉर्न दाबला. तो एक माणूस म्हणजे पोनीमानच. ते उठले, बाकावर बसलेल्या दोघा अनोळखी बंगाल्यांच्या पुढून कमरेत वाकून गेले आणि मागच्या सीटवर दोन धिप्पाड माणसांच्या मध्ये अंग चोरून बसले. खिडकी त्यांच्या वाट्याला आली नाही, त्यामुळे हात हलवायचाही प्रश्न नव्हता. मागच्या काचेतून त्यांचं डोकं तेवढं दिसत होतं, नुकतेच कापलेले केस, आणि मानेवर राहून गेलेली पावडर.

रजेनंतर ते परत आले नाहीत. पण हे मला पुढे कळायचं होतं. त्या दुपारी टॅक्सीनं राउंडअबाउटला वळसा घातला आणि अबू धाबीचा रस्ता धरला. मी बाकाजवळ उभा होतो. आयुष्यभर लोकांच्या उशिराची मिनिटं मांडणारा मी, आणि मनात एकसारखं म्हणत होतो, विमान लेट होऊ दे, बस बंद पडू दे, अजून उशिरा पोचू दे त्यांना.